जुना मोंढा, घर सातवं

"घ्या आता फोटू," म्हणत चतुराबाईंनी लुगड्याचा पदर खोचला आणि भिंतीतल्या भेगेत हात कोपरापर्यंत घातला. "बसलिंगप्पाच्या माडीत हाय का असली? त्याच्यात नुसती तीन बोटं जात्यात."

"मावशी, विंचू असेल आत."

"इंचू? तीस वर्सं झाली, माझं दाभण, सुतळी समदं त्याच्यातच ऱ्हातंय. इंचवालाबी मालूम झालंय, जागा चतुराबाईची हाय म्हणून."

महामायाने मोबाइल आडवा धरला. खोलीत फाटक्या बारदानाचे ढीग होते, तागाचा उग्र वास होता आणि वरच्या झरोक्यातून येणारं ऊन नेमकं त्या काटकुळ्या हातावर पडलं होतं. तिने दोन फोटो काढले, तिसरा जवळून काढला. मग पर्समधून पाच रुपयांचं नाणं काढून भेगेच्या काठावर ठेवलं आणि चौथा काढला. नाणं ठेवण्याची सूचना एका वाचकाची होती. साईटवर 'पेठप्रेमी' या नावाने तो लिहायचा. मागच्या महिन्यात त्याने फार अदबीने सुचवलं होतं, 'ताई, नाणं ठेवलंत तर भेगेचा अंदाज येईल.' महामायाला ते पटलं होतं. मापाशिवाय नोंद म्हणजे नोंदच नव्हे, असं तीही नोकरीची सदतीस वर्षं म्हणत आली होती.

हाळगंज हे उदगीर-देगलूरच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. गावाच्या पोटात जुना मोंढा. निजामाच्या काळी इथे तीन भाषांतून धान्याचा भाव व्हायचा, आता मोंढा बायपासला गेला आणि मागे उरली ती दगडी जोती, लाकडी माड्या आणि त्यांच्यातली माणसं. महामाया सूर्यवंशी या मोंढ्याची आरोग्यसेविका. म्हणजे होती, निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. पण इथल्या कुणाच्याही घरात ती अजूनही न विचारता परसापर्यंत जायची. कुणाच्या माजघरात कोण जन्मलं, कुणाच्या कोनाड्याखाली न्हाणीचा पाट असतो, हे तिला पाठ होतं. तिची आई, धुरपताबाई, याच मोंढ्यात सांडलेलं धान्य झाडून न्यायची. आयुष्यभर झाडलं, पण एकाही पायरीवर पाय ठेवला नाही. लेक मात्र लशीची पेटी खांद्याला लावून थेट आतल्या खोलीत गेली. पहिल्या दिवशी बसलिंगप्पाच्या आईने दारात क्षणभर विचार केला होता. मग कडेवरच्या तापलेल्या नातवाकडे बघितलं आणि बाजूला सरकली. त्या सरकण्याबद्दल महामाया कधी कुणाशी बोलली नाही. पण विसरलीही नाही.

निवृत्तीनंतर वेळ खायला उठला, तेव्हा पुण्यातल्या भाचीने, विशाखाने, तिला साईट काढून दिली. 'आपला जुना मोंढा'. दर रविवारी एक घर. फोटो, माहिती, आठवणी. हैदराबादला गेलेल्या व्यापाऱ्यांच्या सुना, दुबईतला कुणी इंजिनिअर, देगलूरच्या माहेरवाशिणी असे वाचक जमत गेले. सहा घरं झाली होती. हे सातवं.

"किती वर्षांचं म्हणू घर?" तिने वही काढली.

"दीडशे लिवा."

"दीडशे? मावशी, शेठजींच्या आजोबांनी बांधलं म्हणता ना तुम्ही? शंभरच्या आतच बसतंय."

"आन् बसलिंगप्पाला एकशेवीस लिवलं ते? त्याच्या आज्यानं आमच्या शेठच्या पाठून बांधलंय. समद्या मोंढ्याला मालूम हाय. लिवा दीडशे."

यात नवं काही नव्हतं. सहाही घरांत असंच झालं होतं. पहिल्याला तिने ऐंशी लिहिलं होतं, तर बसलिंगप्पा रात्रीचं जेवले नाहीत, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. मग शंभर केलं, मग दुसऱ्या घराला एकशेदहा झालं म्हणून यांचं एकशेवीस करावं लागलं. लशीच्या वहीत सदतीस वर्षांत जिने एक थेंब इकडचा तिकडे लिहिला नव्हता, तिने मोंढ्याचं वय असं मूठमूठ वाढवत नेलं होतं. म्हाताऱ्या माणसांना खुशी होते, कुणाचं काय जातंय, असा तिचा हिशोब होता.

"एकशेतीस," ती म्हणाली. "त्याच्यावर एक वर्षही नाही."

"बरं, लिवा," चतुराबाई हसल्या. बसलिंगप्पा दहाने मागे पडल्याचं ते हसू होतं.

भेगांचंही तसंच. त्र्याण्णवच्या भूकंपाने मोंढ्यातल्या प्रत्येक भिंतीला काही ना काही दिलं होतं. तेव्हा कुणी एक इंजिनिअर आला आणि भेगांवर सिमेंटने काचेच्या पट्ट्या चिकटवून गेला. काच तडकली तर भिंत हलते आहे असं समजा, एवढं सांगून गेला तो परत आलाच नाही. पट्ट्या राहिल्या. दिवाळीला घर रंगवलं तरी भेग तेवढी सोडायची, काच ओल्या फडक्याने पुसायची, पाहुणा आला की त्याला दाखवायची. 'किल्लारी पडली, पण आमची काच तडकली नाही.' दुसऱ्या गावात लोक भेगा लिंपतात. इथे तीन पिढ्यांचे फोटो एका बाजूला आणि भेग एका बाजूला.

"आन् माझं नाव लिवा त्याच्यात," चतुराबाईंनी दाभण पुन्हा हातात घेतलं. आवाज आता गमतीचा नव्हता. "चतुराबाई. एक्केचाळीस वर्सं हितंच ऱ्हाते, असं लिवा. आमचे ह्ये ह्याच आडतीवर हामाल होते, शेठनं तोंडानं सांगितलं होतं, ऱ्हावा म्हणून."

"ग्यानोबा हमाल," महामायाने लिहिलं. चतुराबाई नवऱ्याचं नाव घेत नसत. तो जाऊन अकरा वर्षं झाली तरी नाही.

"कागद कुठलाच न्हाई बघा माझ्यापाशी. रेशन गावाकडचं, देवणीकडलं, तिकडं धान्य मिळायचं म्हणून ह्यांनी तसंच ठिवलं. आधार त्याच्यावरच काढलं. लाईटीचं मीटर शेठच्या नावावर. शेठची पोरं हैदराबादला. उद्या कुणी इचारलं, बाई तू कोण, तर काय दावू? हे बारदान?"

"मी लिहिते ना," महामाया म्हणाली. "सगळं जग वाचेल."

त्या रविवारी तिने सातवं घर टाकलं. चतुराबाईंचा हात, नाणं, झरोक्याचं ऊन. खाली लिहिलं: 'एकशेतीस वर्षांच्या या भिंतीतली भेग एका माणसाचा हात कोपरापर्यंत पोटात घेते. आणि हा हात ज्यांचा, त्या चतुराबाई ग्यानोबा हमाल या घराच्या पुढच्या खोलीत एक्केचाळीस वर्षांपासून राहतात.' लोकांना फार आवडलं. पेठप्रेमीने लिहिलं, 'अप्रतिम, ताई. मागची भिंतही बघायला आवडेल. आणि मालक हल्ली कुठे असतात?'

महामायाने उत्तर दिलं. मालक हैदराबादला असतात, तिघं भाऊ आहेत, येणं-जाणं नाही. मागची भिंत पुढच्या वेळी.

पुढची वेळ आली नाही. गुरुवारी सकाळी बसलिंगप्पांच्या दाराला नगरपालिकेचा कागद चिकटवलेला होता.

महामाया पोचली तेव्हा समोरचा चहावाला मलप्पा कळशी तशीच ठेवून येऊन उभा होता, आणि बसलिंगप्पा चष्मा कपाळावर सारून ती नोटीस तिसऱ्यांदा वाचत होते. गोरा, थोराड माणूस. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज नेहमी खालचा.

"या, अक्का. हे जरा वाचा," ते म्हणाले. "धोकादायक इमारत. एकवीस दिवसांत रिकामी करा म्हणतेत."

तिने वाचलं. 'सदर इमारत अंदाजे १२० वर्षे जुनी असून तिच्या दर्शनी भिंतीस सन १९९३ च्या भूकंपामुळे भेग पडलेली आहे. सदर भेग तीन बोटे जातील इतकी रुंद असून आरपार आहे व तिच्यातून हवा खेळते. भेगेवर काचपट्टी असल्याने भिंत धोकादायक असल्याची रहिवाशांना पूर्वीपासून जाणीव आहे, हे सिद्ध होते.'

ती वाचत राहिली. वाक्य संपलं तरी वाचत राहिली.

"अक्का," बसलिंगप्पा म्हणाले, "ते तीन बोटांचं कुठं तरी वाचल्यासारखं वाटतंय मला."

तिनेच लिहिलं होतं ते. 'या भेगेत तीन बोटं घाला. आतून गार वारा लागतो. भिंत श्वास घेते आहे.' ते वाक्य लिहिल्यावर ती स्वतःवरच खूश होऊन उठली होती आणि तिने चहा केला होता.

"योगायोग असेल," ती म्हणाली.

"असंल," बसलिंगप्पा म्हणाले. नोटीस त्यांनी काढली नाही. हाताने कड सरळ केली फक्त.

सोमवारी दुसऱ्या घराला कागद आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिसऱ्याला. तिसरं घर मलप्पाचं. तिथे आणखी एक गोष्ट झाली. नोटीस लागली त्याच सकाळी मलप्पाच्या भेगेवरची काच दोन तुकडे झालेली दिसली. बत्तीस वर्षं टिकलेली. घरातल्या कुणाचा हात लागला नव्हता, रस्त्यावरच्या भिंतीला होती ती. मलप्पाने तुकडे जागेवर जुळवून बघितले. जुळत होते. मग तो महामायाकडे आला.

"सिष्टर, एक गोष्ट इचारू का? राग नगा मानू."

"विचारा."

"तुमी आधी बसलिंगप्पाचं लिवलं. मग तेलंग्याचं. मग माझं." तो बोटांवर मोजत होता. "चिठ्ठ्याबी तशाच येऊन राहिल्या. बसलिंगप्पा, तेलंगी, मी. शेजारच्या दोन घरांस्नी काईच न्हाई, त्यांच्या भिंती तर माझ्यापरीस गेल्यात. पण त्यांचं तुमी लिवलं न्हाई."

"अहो, मी कशाला..."

"तुमी न्हाई ओ. म्या तसं म्हणलो का? तुमी माझ्या तिन्ही लेकरांना सुया टोचल्यात. पण तुमच्या पाठीमागनं कोन तरी चालून राहिलंय, सिष्टर. तुमी ज्या घरात जाता, ते घर त्याला दिसतंय."

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही.

चौथ्या घराला नोटीस आल्यावर दारं बंद व्हायला लागली. कुणी भांडलं नाही. मोंढ्याची ती रीतच नाही. ती गल्लीत शिरली की पुढची कडी आतून लागायची, एवढंच. पूर्वी ती आली की पोरं सुईच्या भीतीने बारदानामागे लपायची आणि म्हातारी माणसं त्यांना ओढून बाहेर काढायची. आता म्हातारी माणसं लपत होती. एका दारामागून तिने स्पष्ट ऐकलं, "फोन हाय का बग तिच्या हातात." तिने फोन पर्समध्ये टाकला आणि रिकामे हात दिसतील अशी चालत राहिली. आईचे हात असेच दिसायचे, मोंढ्यातून परत निघताना. झडती देण्यासाठी पुढे धरलेले.

एकाच घराचं दार उघडं होतं.

"पाचव्याला आली म्हणं," चतुराबाई बारदानाला टाका घालत म्हणाल्या.

"हो."

"मग आता साव्याला, आन् मग मला."

"मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

चतुराबाईंनी दात लावून सुतळी तोडली. "भ्या वाटतंय की. पण ह्या पाच जनांपाशी घराचा दस्त हाय. त्यांनी घर सोडलं तर त्यांना काई तरी मिळंल. मी काय सोडनार? माझं काय हायच न्हाई सोडायला. तुमी लिवलंय तेवढंच हाय. म्हनून म्या काय घाबरले न्हाई. म्हणलं, इचारलं तर दावू, सिष्टरनं नेटावर लिवलंय, एक्केचाळीस वर्सं."

महामायाने ते नीट ऐकलं नाही. तिच्या डोक्यात फक्त सात हा आकडा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घरासमोर पांढरी गाडी थांबली. इस्त्रीचा शर्ट घातलेला, तिशीचा एक माणूस उतरला आणि उंबऱ्याबाहेर बूट काढून, वाकून नमस्कार करून आत आला.

"मावशी, मी शिवम. तुमचा वाचक आहे. एकदा दर्शन घ्यायचं होतं." त्याने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "आमचं जुन्या पेठांच्या विकासाचं काम असतं. पार लातूरपर्यंत चालतं. पण तुमच्यासारखं लिखाण कुठं बघितलं नाही."

"पेठप्रेमी तुम्हीच का?"

तो लाजल्यासारखा हसला. "आम्ही चौघं मिळून वापरतो ते खातं."

टेबलावर तिचा चष्मा होता. तिने तो उचलून पुसायला घेतला.

"दोन वर्षं खेटे घालत होतो मावशी आम्ही. माणसं ओट्यावर बसवून चहा पाजत, पण आत म्हणून घेत नसत. आतली भिंत बघितल्याशिवाय नगरपालिकेच्या साहेबांना अहवाल काय देणार? तुमचं बरंय. तुम्हाला थेट परसापर्यंत मान. खरं सांगू का, निम्मं सर्वेक्षण तुमचंच आहे. आमच्या पोरांना एवढं बारकाईनं जमलं नसतं."

"त्यातली वर्षं खोटी आहेत," ती म्हणाली. "मी वाढवून लिहिली. लोकांना बरं वाटावं म्हणून. एकही घर शंभराच्या वर नाही. भेगाही बत्तीस वर्षं तेवढ्याच आहेत, काचा बघा."

"मलप्पाची तडकली म्हणे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा चेहरा निर्मळ होता. नुकत्याच धुतलेल्या ताटासारखा.

"वर्षं कमी करायची तर करा की, मावशी," तो उठत म्हणाला. "पण आधीचं आम्ही छापून फाइलला लावलंय. मग साहेब विचारतील, ताई तेव्हा खोटं लिहीत होत्या की आता? तुमच्यासारख्या बाईला, एवढ्या सरकारी नोकरीनंतर, असं कुणी विचारू नये असं मला वाटतं." दारात त्याने बूट चढवले. "पाच घरांचं झालं. दोन राहिलीत, या आठवड्यात ती पण छापून घेतो. पेढे खा, माहूरचे आहेत. देवीला गेलो होतो."

गाडी वळेपर्यंत महामाया दारात उभी होती. मग तिने विशाखाला फोन लावला.

"आत्या, ते एक पान लपवता येतं नुसतं. सगळी साईट कशाला उडवतेस?"

"लपवलेलं सापडतं."

"आणि उडवलेलं परत येत नाही. मी सांगून ठेवते. दुसरी प्रत नाहीये माझ्याकडे."

"नकोच मला प्रत. कुठलं बटण दाबू ते सांग. दोन राहिलीत म्हणाला तो. चतुरामावशींचं अजून छापलेलं नाही."

विशाखाने सांगितलं. महामायाने दाबलं. 'नक्की?' असं मोबाइलने विचारलं, तर पुन्हा दाबलं. मग मोबाइलमधले फोटो काढले. मग वहीतली पानं फाडली आणि न्हाणीघराच्या चुलीत घातली. जंतू अर्धवट मारून उपयोग नसतो, हे तिच्या हाताला माहीत होतं. त्या हाताने काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. तो सोमवार होता. त्या रात्री तिला महिन्याभरात प्रथमच झोप लागली.

सहाव्या घरामागोमाग शुक्रवारी चतुराबाईंच्या दाराला कागद लागला.

'सदर इमारत अंदाजे १३० वर्षे जुनी असून तिच्या भिंतीतील भेग माणसाचा हात कोपरापर्यंत जाईल इतकी खोल आहे.' पूर्णविराम. खाली, भोगवटादारांनी आपल्या वास्तव्याच्या पुराव्यासह सुनावणीस हजर राहावे, अन्यथा जागा निर्विवाद रिकामी समजण्यात येईल.

शिवमने सातवं घर आधीच छापून ठेवलं होतं. बहुधा तिने ते टाकलं त्याच रविवारी.

सुनावणीच्या दिवशी चतुराबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. डोक्याला तेल, हातात पिशवी, पिशवीत काहीच नाही. "तुमी संग आलाव, बरं झालं," त्या रिक्षात म्हणाल्या. "तुमीच दावा त्यांना फोनात. मला कुठं येतंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. महामायाने दोनदा तोंड उघडलं. एकदा रिक्षा खड्ड्यात गेली आणि एकदा चतुराबाई स्वतःशीच हसल्या. "त्यो हाताचा फोटू बघून सायब म्हनंल, बाई लई धीराची हाय."

नगरपालिकेच्या हॉलमध्ये मोठं टेबल होतं. टेबलामागे साहेब, बाजूला रजिस्टर घेऊन कारकून. वर पंखा इतका जोरात की कागदांवर दगड ठेवले होते. बसलिंगप्पा, तेलंगी, मलप्पा आधीच बाकावर बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल होती. महामायाला बघून बसलिंगप्पांनी मान हलवली, तेवढंच. सरकून जागा दिली नाही.

"घर सातवं. भोगवटादार?" कारकुनाने विचारलं.

"चतुराबाई," त्या पुढे होऊन म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्सं."

"पुरावा? लाईट बिल, भाडेपावती, रेशनकार्ड, काय आहे?"

"हाय की. नेटावर हाय. ह्या सिष्टरनं लिवलंय, माझ्या फोटूसकट."

साहेबांनी त्रासिक चेहऱ्याने पण सभ्यपणे मोबाइल काढला. "कुठल्या नावानं?"

"आपला जुना मोंढा," मलप्पा मागून म्हणाला.

साहेबांनी टाइप केलं. थांबले. पुन्हा टाइप केलं. "असं काही दिसत नाही, आजी."

चतुराबाईंनी महामायाकडे बघितलं. सगळा बाक बघत होता.

"मी काढून टाकलं, मावशी," महामाया म्हणाली. "सोमवारी. तुमच्या घरावर येऊ नये म्हणून."

"समदं?"

"सगळं."

मग ती साहेबांकडे वळली, आणि तिचा आवाज तिच्या मानाने फार मोठा झाला. "पण तुमच्या नोटिशीत माझं वाक्य आहे साहेब. हे बघा, 'हात कोपरापर्यंत'. हे मी लिहिलंय. याच्या पुढचंच वाक्य होतं, की या बाई एक्केचाळीस वर्षांपासून तिथे राहतात. तुम्ही हे घेतलंत, तर पुढचंही तुमच्याकडे असणारच. ज्यांनी दिलं त्यांना विचारा."

साहेबांनी फाइल उघडली. पानं चाळली. एक छापील कागद वर काढून उजेडात धरला. महामायाने तो लांबूनच ओळखला. वर झरोक्याचं ऊन होतं, हात होता, नाणं होतं. खाली एकच ओळ होती आणि त्याखाली कागद पांढरा.

"पुढचं वाक्य आमच्याकडे आलेलं नाही," साहेब म्हणाले.

"मी साक्ष देते. सदतीस वर्षं मी त्या दारात लस..."

"तोंडी चालत नाही, बाई. तुम्ही स्वतः नोकरीत होता ना? तुम्हाला सांगायला नको."

खरंच होतं. तोंडी कुणी सांगितलं म्हणून तिनेही कधी एक मूल वहीत घेतलं नव्हतं.

चतुराबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं महामायाला वाटलं. त्या फक्त टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. लुगड्याच्या काठावर तागाचा एक धागा चिकटलेला होता. कारकुनाने रजिस्टरमध्ये लिहायला सुरुवात केली. नाव, घर क्रमांक, मग पुढचा रकाना.

"काय लिवलं त्यांनी?" चतुराबाईंनी हळूच विचारलं.

"निरंक," महामाया म्हणाली.

"म्हंजी?"

"काही नाही म्हणून."

"काईच न्हाई?"

"नाही."

"हं," चतुराबाई म्हणाल्या. भिंत ऐकते तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

कारकुनाने रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. "इथं अंगठा, आजी."

"आंगठा न्हाई. सही येती मला." त्यांनी पॅड परत सरकवला. "साक्षरता वर्गात शिकलेय. पेन द्या."

कारकुनाने घड्याळाकडे बघून पेन दिलं. चतुराबाई टेबलावर वाकल्या. पंख्याने रजिस्टरचं पान उडायला लागलं, तेव्हा महामायाने पुढे होऊन दोन्ही हातांनी ते धरलं. चतुराबाईंनी हातांकडे बघितलं. मग पेन टेकवलं. च. काना नाही, उकार नाही, नुसता च. तोच केवढा वेळ चालला. मग तु. अक्षर बारदानाच्या टाक्यासारखं मोठं येत होतं, जोर देऊन, कागदाच्या मागे उमटेल असं. रा. बा. ई. चौकट तिथेच संपली.

"झालं," कारकून हात पुढे करत म्हणाला. "चला, पुढचे."

बाकावर मलप्पा उठला आणि पुन्हा बसला.

"जरा दम धरा," चतुराबाई मान वर न करता म्हणाल्या. "ह्यांचं ऱ्हायलंय." आणि चौकटीच्या बाहेर, जिथे कोरा कागद होता तिथे, त्या जन्मात कधी तोंडाने न घेतलेलं ते नाव त्यांनी अक्षरामागे अक्षर काढायला घेतलं.